भिंती खरंच श्वास घेतात का?



आपल्या आज्या-पणज्यांनी घराचा पुष्कळ विचार केला. चूल कुठे, पाण्याचे हंडे कुठे, धान्याची कणगी कुठे, सगळं ठरलेलं. पण घरात हवा कुठून येईल, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आमच्या सांगलीकडच्या जुन्या घरात कौलांच्या फटी, दाराखालची बोटभर पोकळी आणि माजघराचा झरोका एवढ्यावर काम भागायचं. तक्रार असायची ती उलटीच: वारा येतो, धूळ येते, पावसाची झड येते. हवा फुकट होती आणि न मागता मिळत होती.

थंड देशांत ती कधीच फुकट नव्हती. बाहेरून आत आलेली हवा तापवावी लागते आणि त्यासाठी लाकूड, कोळसा नाहीतर तेल जाळावं लागतं. त्यामुळे तिथल्या घरांच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात ऊब आणि हवा यांची सतत ओढाताण दिसते. गेले दोन महिने मी हा इतिहास वाचते आहे. त्याला कारण घरचंच. माझी लेक आणि जावई जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, घर बांधताहेत. भिंतींना जाड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, फट कुठेही नाही. आता प्रश्न आहे हवेच्या यंत्राचा. घरभर पाइप फिरवून ताजी हवा आत आणायची, शिळी बाहेर काढायची आणि जाणाऱ्या हवेतली ऊब येणाऱ्या हवेला द्यायची, असं ते यंत्र. खर्च काही हजार युरो. बांधकामवाला म्हणतो, यंत्र कशाला, भिंती श्वास घेतात, शिवाय खिडक्या आहेतच. जावयांना पाइपांत घाण साचेल याची काळजी. आणि लेकीला काळजी आमच्या नातीची. त्यांच्या सध्याच्या भाड्याच्या घरात दर हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी येते आणि पोरीचा खोकला हटत नाही. डॉक्टरांनी आधी घरातली ओल घालवा असं सांगितलं. घरमालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही.

“आई, तुला काय वाटतं?” असं तिनं विचारलं. नुसतं वाटून उपयोग नव्हता, म्हणून वाचायला घेतलं.

सुरुवात उघड्या शेकोटीपासून करू. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घरांत भिंतीत मोठी शेकोटी आणि वर धुराडं असायचं. त्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून वाया जायची, पण धुराबरोबर ती खोलीतली शिळी हवाही ओढून न्यायची आणि फटींतून ताजी हवा आत यायची. कुणी ठरवून केलेलं नसलं, तरी धुराडं हेच घराचं हवेचं यंत्र होतं. एकोणिसाव्या शतकात बंद लोखंडी शेगड्या आल्या. सरपण वाचलं, घर जास्त ऊबदार झालं. मात्र त्या शेगड्या उघड्या शेकोटीच्या मानाने फारच थोडी हवा ओढत. खोल्या कोंदट झाल्या.

हे सगळ्यांत आधी ज्यांनी ओरडून सांगितलं त्यांत घर सांभाळणाऱ्या आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका होत्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस आलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात सेवेचा पहिलाच नियम हवेचा घातला. रोग्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ हवी आणि तरी त्याला गारठा लागता कामा नये, असा त्याचा अर्थ. या नियमाची दोन टोकं लक्षात ठेवा. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लोकांना यातलं एकच टोक एका वेळी धरता आलं. अमेरिकेत कॅथरिन बीचर आणि त्यांची बहीण हॅरिएट बीचर स्टोव यांनी १८६९ मध्ये ‘द अमेरिकन वुमन्स होम’ हे गृहिणींसाठीचं पुस्तक लिहिलं. त्यात स्वयंपाकघराच्या मांडणीइतकंच लक्ष हवेकडे दिलं आहे. बंद शेगड्यांमुळे कुटुंबं आपल्याच उच्छ्वासात राहतात, असा त्यांचा रोख होता. शिळी हवा वर ओढून नेणारी वाट त्यांनी घराच्या नकाशातच काढून दाखवली.

आता जर्मनीत येऊ, कारण बांधकामवाल्याच्या त्या वाक्याचा उगम तिथेच आहे. म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते (१८१८-१९०१). घरातल्या हवेबद्दलचं त्यांचं पुस्तक १८५८ मध्ये आलं. हवा शिळी झाली हे ओळखायचं कसं? नाकावर विसंबता येत नाही, कारण आत बसलेल्याला थोड्या वेळाने वास कळेनासा होतो. पेटेनकोफर यांनी कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. हा वायू एवढ्या प्रमाणात स्वतः विषारी नसतो, पण माणसाच्या उच्छ्वासातलं बाकी सगळं किती साचलंय हे तो सांगतो. हजार भागांत एक भाग ही मर्यादा त्यांनी घालून दिली. आजच्या भाषेत १००० पीपीएम. गंमत म्हणजे दीडशे वर्षांनी, २००८ मध्ये, जर्मनीच्या पर्यावरण खात्याने घरातल्या हवेसाठी जी पातळी सांगितली तिचा पहिला टप्पा तोच आहे: १००० पर्यंत ठीक, २००० च्या वर अस्वीकार्य.

याच पेटेनकोफर यांनी आपल्या अभ्यासिकेत एक प्रयोग केला. खोली ७५ घनमीटरची. बाहेर थंडी असताना तिच्यातून तासाला साधारण ७५ घनमीटर हवा बदलत होती. मग त्यांनी दाराखिडक्यांच्या फटी आणि कुलपाची भोकंसुद्धा कागद चिकटवून बंद केली. तरीही तासाला ५४ घनमीटर हवा बदलतच राहिली! ही हवा येते कुठून? त्यांनी निष्कर्ष काढला की ती विटांच्या भिंतींतून येते. विटेच्या एका बाजूने फुंकर मारून दुसऱ्या बाजूची मेणबत्ती विझवण्याचा त्यांचा प्रयोग पुढे फार गाजला. कोरी वीट खरंच सच्छिद्र असते. पण गिलावा केलेली भिंत ही वेगळी गोष्ट. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भिंतींवर थेट मोजमापं झाली, तेव्हा गिलावा केलेल्या भिंतीतून जवळजवळ काहीच हवा जात नाही असं दिसलं. म्हणजे त्या खोलीत हवा भलत्याच वाटांनी येत होती.

पेटेनकोफर मोठा माणूस, जर्मनीतले आरोग्यशास्त्राचे पहिले प्राध्यापक. पण मोठी माणसंही चुकतात. कॉलऱ्याचे जंतू एकटे रोग आणू शकत नाहीत हे सिद्ध करायला त्यांनी १८९२ मध्ये ते जंतू चक्क पिऊन दाखवले होते! कॉलऱ्याबद्दलचं त्यांचं म्हणणं लोक विसरले. ‘भिंती श्वास घेतात’ हे मात्र जर्मन गवंड्यांच्या तोंडी आजही आहे आणि माझ्या लेकीच्या घरापर्यंत पोचलं आहे.

शंभर वर्षं त्या वाक्याने कुणाचं फारसं नुकसान झालं नाही, कारण घरं फटींनी भरलेली होती. नुकसान सुरू झालं ते १९७३ नंतर. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाची किंमत चौपट झाली. जर्मनीत नोव्हेंबर-डिसेंबरमधले चार रविवार मोटारींना रस्त्यावर बंदी होती. मोकळ्या महामार्गावरून लोक चालत, सायकलने फिरत असल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. घरं तापवायचं तेल महागलं तसे सगळे फटी बुजवायला लागले. १९७७ मध्ये जर्मनीत घरांतली उष्णता राखण्याचा पहिला नियम लागू झाला. जुन्या गळक्या खिडक्या जाऊन रबरी पट्टीच्या घट्ट खिडक्या आल्या. उष्णता राहिली, पण अंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ आणि माणसांचा उच्छ्वासही आतच राहिला. कपाटांमागे, पलंगाच्या कोपऱ्यात बुरशी दिसू लागली.

अमेरिकेत हेच ऑफिसांत झालं. तिथल्या अभियंत्यांच्या ॲशरे या संघटनेने इंधन वाचवण्याच्या काळात, १९८१ च्या मानकात, ऑफिसात दर माणशी मिनिटाला फक्त ५ घनफूट ताजी हवा पुरे ठरवली. डोकेदुखी, डोळ्यांची आग, थकवा अशा तक्रारी सगळीकडून यायला लागल्या. ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग याच दशकात रूढ झाला. १९८९ मध्ये त्याच संघटनेने ऑफिसांसाठीचा आकडा चौपट, म्हणजे २० घनफूट केला. नाइटिंगेलबाईंच्या नियमाचं एक टोक घट्ट धरलं की दुसरं सुटत होतं.

दोन्ही टोकं एकत्र धरली गेली कॅनडात, सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरात. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. प्रांताच्या सरकारला सूर्याच्या उष्णतेवर चालणारं नमुन्याचं घर हवं होतं. हॅरॉल्ड ओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की आधी उष्णता गळू देऊ नका, मग सूर्याकडे बघू. १९७७ मध्ये ‘सॅस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस’ उभं राहिलं. भिंती फूटभर जाड, घर तापवायची भट्टीच नाही. घर इतकं घट्ट की हवेच्या दाबाची चाचणी घेतली तेव्हा तासाला घराच्या आकारमानाच्या ०.८ पट एवढीच हवा गळली. त्या काळच्या मानाने हे अचाट होतं.

पण या मंडळींनी पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारला: आता आतली माणसं श्वास कसा घेणार? सॅस्कॅचेवान विद्यापीठातले रॉबर्ट बेझंट आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी उष्णता परत मिळवणारी पेटी तयार केली. तिचं तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. तापलेल्या दुधाचं पातेलं आपण थंड पाण्याच्या परातीत ठेवतो. दूध निवतं, पाणी कोमट होतं, पण दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मधे पातेल्याची भिंत असते. त्या पेटीत पातळ पडद्यांच्या एका अंगाने शिळी गरम हवा बाहेर जाते, दुसऱ्या अंगाने ताजी थंड हवा आत येते. ऊब पडदा ओलांडते, हवा ओलांडत नाही. त्या घरातली सौर उपकरणं महागडी आणि कटकटीची ठरून पुढे काढून टाकली गेली. जाड भिंती, घट्टपणा आणि ती पेटी या तीन गोष्टी टिकल्या.

जर्मनीत हे काम पुढे नेलं वोल्फगांग फाइस्ट यांनी. १९८८ मध्ये स्वीडनमधले प्राध्यापक बो अडामसन यांच्याबरोबर त्यांनी कल्पनेची मांडणी केली. १९९१ मध्ये डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात चार कुटुंबांसाठी एका ओळीत चार घरं उभी राहिली. ‘पासिव्हहाउस’ म्हणतात ती हीच. फाइस्ट स्वतः कुटुंबासह तिथे राहायला गेले, हे मला विशेष वाटलं. इंजिनिअरने आपली मुलंबाळं आपल्याच प्रयोगात ठेवली. ती घरं तापवायला त्या काळच्या सामान्य घराच्या साधारण दहावा हिस्सा ऊर्जा लागली. पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा घट्टपणा टिकून होता आणि हवेची यंत्रणा नीट चालत होती. माझी लेक राहते तिथून डार्मश्टाट दीड-दोन तासांवर आहे.

एवढं वाचून यंत्राच्या बाजूने उडी मारावीशी वाटते. पण इतिहासाची दुसरी बाजूही पाहायला हवी. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्ट शहराची व्हाटहॉर्स्ट ही नवी वसाहत आहे. तिथे घरोघरी अशी यंत्रं बसवली होती. २००७-०८ च्या सुमारास रहिवाशांच्या तब्येतीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की आरोग्य खात्याला चौकशी करावी लागली. दिसलं काय? हवा ठरल्यापेक्षा कमी येत होती, फिल्टर घाण होते, आणि आवाज इतका की लोक यंत्र अगदी हळू ठेवत होते. पेटीमागची कल्पना चुकीची नव्हती. बसवणाऱ्याने मोजून बसवली नव्हती आणि वापरणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे जावयांची शंका अगदीच वाऱ्यावर नाही.

आता हिशोब. आपण रोजचा किराणा मोजतो, मग हवाही मोजू. बसल्याजागी मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पेटेनकोफरांची १००० ची मर्यादा पाळायची तर दर माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा लागते. चार जणांना १२० घनमीटर. बाहेर उणे ५ आणि आत २० अंश असताना ही हवा तापवायला सतत एक किलोवॉट, म्हणजे दिवसरात्र एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. यंत्राने ८० टक्के ऊब परत मिळवली, तर हाच खर्च पाचव्या हिश्शावर येतो.

आणि खिडक्या? जर्मन लोक या बाबतीत फार शिस्तीचे. भर थंडीतही सकाळी पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतात. जुन्या घरात हे पुरत होतं, कारण उरलेला दिवस फटी काम करत होत्या. घट्ट घरात दाराखिडक्या लावून दोघं झोपली, तर लहानशा खोलीतली हवा तासाभरात १००० ओलांडते. रात्री उठून खिडकी कोण उघडणार? म्हणूनच २००९ पासून जर्मन मानकात (डीआयएन १९४६-६) नव्या घरासाठी हवेचा आराखडा मागितला जातो. ओल साचू नये एवढी हवा घरात माणसं नसली तरी आपोआप बदलली पाहिजे, अशी त्यात अट आहे. एक स्वस्त वाटही आहे: बाथरूममध्ये सतत चालणारे एक्झॉस्ट फॅन आणि झोपायच्या खोल्यांच्या भिंतीत हवेसाठी छोट्या झडपा. त्याने हवा मिळते, पण ती थंडगार येते आणि ऊब बाहेर जाते. पुन्हा नियमाचं एकच टोक.

आपल्या घरांना हे आणखी लागू पडतं. चौघांच्या घरात श्वास, अंघोळ, कपडे आणि स्वयंपाक मिळून दिवसाला दहा-एक लिटर पाणी हवेत मिसळतं. त्यात आपण पिण्याचं पाणीही उकळून घेतो. डाळ, कुकर, फोडणी रोजची. लेकीने मला सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली. भाड्याच्या घरात दर आठवड्याला ती औषध फवारून बुरशी पुसते आणि प्रत्येक वेळी तिच्या मनाला लागतं. बुरशी आलेलं अन्न आपण अभक्ष्य मानतो आणि मुळात ती येऊच नये म्हणून लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावू देत नाही. यत्नाचार तो हाच. आधी ओल साचू द्यायची आणि मग जीव मारत बसायचं, यापेक्षा ओल साचूच न देणं बरं. भिंतीच्या बाबतीत वेगळा न्याय कशाला?

म्हणून मी लेकीला सांगितलं ते असं. घर घट्ट बांधायचं ठरलं आहे, तेव्हा यंत्र हा जास्तीचा शौक धरू नका, तो घट्ट भिंतीचाच उरलेला अर्धा भाग आहे. पैसे वाचवायचे तर स्वयंपाकघराच्या भारी कपाटांत वाचवा, ती पाच वर्षांनीही करता येतील. पाइप मात्र भिंती पुऱ्या झाल्यावर घालणं फार अवघड. आणि व्हाटहॉर्स्टचा धडा घेऊन चार गोष्टी कंत्राटात लिहून घ्या. प्रत्येक खोलीत किती हवा येते हे काम संपल्यावर मोजून कागदावर द्यावं. झोपायच्या खोलीत आवाज २५ डेसिबलच्या आत असावा. फिल्टर शिडी न लावता हाताने काढता यावा, म्हणजे तो बदलला जाईल. आणि पाइप उघडून साफ करता येतील अशी सोय असावी. आधी जावई गप्प होते, मग म्हणाले, “आई, मोजून देणार असतील तर माझी हरकत नाही.” बांधकामवाल्याशी बोलणी चालू आहेत.

आपल्यापैकी बहुतेकींना हे यंत्र लागणार नाही. सांगली-कोल्हापूरच्या हवेत समोरासमोरच्या दोन खिडक्या हेच उत्तम यंत्र. पण पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये घट्ट सरकत्या खिडक्या लावून रात्रभर एसी चालतो, तिथे हा इतिहास आपल्यालाही लागू होतो. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवून गार करतो. सकाळी डोकं जड वाटत असेल, तर रात्री बेडरूमचं दार किलकिलं ठेवून आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून पाहा. आणि नवीन फ्लॅट बघायला गेलात तर फरशी आणि नळ बघून झाल्यावर बिल्डरला हेही विचारा: खिडक्या बंद केल्यावर या घरात हवा कुठून येते, आणि कुठून जाते?